पिस्तूल दाराबाहेर : टेक्ससमधल्या एका यादीची दीडशे वर्षे

टेक्ससमध्ये मुख्यतः दारूविक्रीवर चालणाऱ्या प्रत्येक बारच्या दाराशी एक पाटी लावावी लागते. तिच्यावर '५१' हा आकडा ठळक लाल रंगात आणि किमान पाच इंच उंचीचा असला पाहिजे, असे कायदाच सांगतो. मजकूर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही. अर्थ असा, की या जागेचे ५१ टक्के किंवा त्याहून अधिक उत्पन्न जागेवरच प्यायल्या जाणाऱ्या दारूतून येते. तेव्हा खिशात पिस्तुलाचा परवाना असला तरी पिस्तूल घेऊन आत पाऊल टाकणे गुन्हा आहे. शेजारच्या उपाहारगृहातही बिअर मिळते, पण तिथला मुख्य धंदा जेवणाचा. तिथे हा लाल आकडा नसतो आणि मालकाने मनाई केली नसेल, तर परवानाधारक कोटाखाली पिस्तूल लावून खुशाल जेवायला बसू शकतो. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनला मुलांकडे राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांच्या नजरेस अशा पाट्या पडतात आणि ते बुचकळ्यात पडतात. परवाना सरकारने दिला, पिस्तूल कायदेशीर, मग दोन दारांत एवढा फरक का?

अमेरिकेतल्या बंदुकांविषयी आपण वाचतो ते बहुधा एखाद्या गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी. बंदूक कुठे न्यायची नाही, याचाही तिथे मोठा इतिहास आहे हे आपल्यापर्यंत पोचत नाही. तो समजून घ्यायला टेक्ससइतके चांगले राज्य नाही. बंदुकीच्या प्रेमासाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या राज्याने अशा जागांची सविस्तर यादी फार लवकर केली, नंतर ती मोडली, पुन्हा बांधली आणि आजही तिच्यात भर घालणे, काटछाट करणे चालूच आहे.

नाचघर, शाळा आणि मतदान केंद्र

यादवी युद्ध संपले तेव्हा टेक्सस हरलेल्या बाजूला होते. १९ जून १८६५ रोजी गॅल्व्हेस्टन बंदरात गुलामांच्या मुक्ततेचा हुकूम जाहीर झाला. कागदावर लोक मुक्त झाले, पण गावोगाव सूडाचे सत्र सुरू झाले. युद्धातून परतलेल्या सैनिकांकडे शस्त्रे होती, हाताला काम नव्हते आणि पराभवाची चीड होती. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर आणि त्यांची बाजू घेणाऱ्या गोऱ्यांवर हल्ले होत होते. मतदानाला जाणे म्हणजे जिवावर उदार होणे होते.

अशा वेळी, १८७० मध्ये, एडमंड डेव्हिस राज्यपाल झाले. ते टेक्ससचेच रहिवासी, पण युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले. त्यांच्या कारकिर्दीत ऑगस्ट १८७० मध्ये विधिमंडळाने शस्त्रे बाळगण्याविषयी कायदा केला. बंदूक, पिस्तूल, मोठा सुरा घेऊन कुठे जायचे नाही, ते त्यात नावानिशी लिहिले होते : चर्च किंवा कोणताही धार्मिक मेळावा, शाळेची खोली, शिक्षण, साहित्य किंवा शास्त्र यांसाठी लोक जमले असतील अशी जागा, नाचघर, स्त्री-पुरुषांचा कोणताही सामाजिक समारंभ, आणि मतदानाच्या दिवशी मतदानाचे ठिकाण. मोडणाऱ्याला ५० ते ५०० डॉलर दंड. त्या काळी ही रक्कम कंबरडे मोडणारी होती.

या यादीत खजिना नाही, राज्यपालांचा वाडा नाही. सरकारी मालमत्तेची राखण करणारी ही यादी नव्हेच. प्रार्थना, शिक्षण, वाद, मतदान, नाच या साऱ्या गोष्टी माणसे एकत्र येऊन करतात आणि समोरच्याच्या कमरेला पिस्तूल आहे हे दिसले की त्या मोकळेपणाने करता येत नाहीत. ज्या समाजात कालपर्यंत काहींना बोलण्याचाही हक्क नव्हता, तिथे हा कायदा त्यांना बोलण्यापुरते निर्भय अंगण आखून देत होता. आपल्याकडेही निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना आपली शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. त्यामागचे शहाणपण हेच आहे.

एप्रिल १८७१ मध्ये विधिमंडळ आणखी पुढे गेले. अंगावर पिस्तूल बाळगण्यालाच सर्वसाधारण बंदी झाली. आपल्यावर लगेच हल्ला होण्याची रास्त भीती असेल, तरच सूट. प्रवाशांना आणि सरहद्दीवरच्या ठरावीक परगण्यांना वेगळी सवलत. पहिल्या गुन्ह्याला २५ ते १०० डॉलर दंड आणि शस्त्र जप्त. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. १८७३ च्या निवडणुकीत डेव्हिस हरले आणि त्यांचे विरोधक सत्तेवर आले. त्यांनी डेव्हिस यांचे बरेच काही पुसून टाकले, हा कायदा मात्र ठेवला. उलट १८७६ च्या राज्यघटनेत त्यांनी स्पष्ट लिहिले, की गुन्हे रोखण्यासाठी शस्त्र अंगावर बाळगण्याचे नियमन करण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे. चित्रपटांनी ज्याला बेबंद पश्चिम म्हणून रंगवले, त्या मुलखात पिस्तूलबंदी शंभरहून अधिक वर्षे नांदली.

किलीनची दुपार

१६ ऑक्टोबर १९९१. मध्य टेक्ससमधले किलीन हे लष्करी तळाशेजारचे गाव. त्या दिवशी वरिष्ठांना जेवायला नेण्याची अमेरिकन प्रथा असते, म्हणून लुबीज कॅफेटेरियात दुपारी गर्दी होती. एका माणसाने आपली पिकअप गाडी काच फोडून थेट आत घातली आणि खाली उतरून गोळ्या झाडायला सुरुवात केली. त्याने २३ जणांचे प्राण घेतले आणि शेवटी पोलिसांशी झालेल्या चकमकीत जखमी होऊन स्वतःलाही संपवले. तोवरच्या अमेरिकेतला असा सर्वांत मोठा गोळीबार तो होता.

सुझॅना ग्रॅशिया ही कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणक्याच्या दुखण्यावर उपचार करणारी तरुणी, त्या दिवशी आईवडिलांसोबत जेवत होती. तिच्याकडे रिव्हॉल्व्हर होते, पण ते बाहेर उभ्या असलेल्या गाडीत. १८७१ पासून चालत आलेल्या बंदीमुळे ते अंगावर बाळगणे गुन्हा होता आणि पकडले गेलो तर व्यवसायाचा परवाना जाईल, या धास्तीने ती ते गाडीतच ठेवत असे. हल्ला सुरू झाल्यावर तिचा हात पर्सकडे गेला आणि मग तिला आठवले. वडील मारेकऱ्यावर धावून गेले आणि कोसळले. कुणीतरी मागची खिडकी फोडली, तेव्हा ती बाहेर पडली. आई मागोमाग येते आहे असे तिला वाटले होते. आई मात्र नवऱ्याजवळ परत गेली होती, त्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. मारेकऱ्याने तिलाही गोळी घातली.

पुढची अनेक वर्षे सुझॅना ग्रॅशिया हप विधिमंडळांच्या समित्यांपुढे हीच हकिगत सांगत राहिल्या. त्यांचा राग मारेकऱ्यावर होताच. त्याहून अधिक तो आपले पिस्तूल गाडीत ठेवायला लावणाऱ्या कायद्यावर होता. आईवडिलांना डोळ्यांदेखत गमावलेल्या लेकीला आकडेवारी ऐकवण्याची कुणाची छाती होणार? १९९३ मध्ये या प्रश्नावर लोकांचा कौल घेण्याचे विधेयक आले. राज्यपाल अ‍ॅन रिचर्ड्स यांनी ते नाकारले. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यांचा पराभव केला. मे १९९५ मध्ये बुश यांनी लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचा कायदा मंजूर केला आणि १८७१ ची बंदी सव्वाशे वर्षांनी संपली. १९९६ मध्ये हप स्वतः विधिमंडळावर निवडून गेल्या.

परवान्यासोबत यादी

पहिले परवाने १९९६ च्या जानेवारीपासून लागू झाले. वय २१ पूर्ण, बोटांचे ठसे, गुन्ह्यांची तपासणी, १० ते १५ तासांचा वर्ग आणि नेमबाजीची परीक्षा, असे सगळे सोपस्कार होते. तरीही, जे विधिमंडळ पिस्तूल रस्त्यावर आणत होते, त्यालाच जागांची यादी पुन्हा लिहावी लागली. शाळा, मतदान केंद्र, न्यायालय, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, विमानतळावरचा तपासणीपलीकडचा भाग, तुरुंग, शालेय-महाविद्यालयीन आणि व्यावसायिक सामन्यांची मैदाने, ५१ टक्क्यांचे बार. फाशीची शिक्षा ज्या दिवशी अमलात येणार, त्या दिवशी त्या वास्तूपासून १,००० फुटांच्या आतही पिस्तूल चालत नाही. टेक्ससमध्ये ती वास्तू हंट्सव्हिलला आहे. तिच्या दाराबाहेर त्या संध्याकाळी बळी पडलेल्याचे नातेवाईक, शिक्षेचे विरोधक आणि समर्थक उभे असतात. तिथे पिस्तूल नको, हे कोणत्याही पक्षाला पटवावे लागले नाही.

खासगी जागांसाठी १९९७ मध्ये दंडसंहितेत ३०.०६ हे कलम आले. दुकानदाराला, रुग्णालयाला किंवा कंपनीला परवानाधारकाचे पिस्तूल नको असेल तर कायद्यात दिलेला मजकूर शब्दशः, दोन्ही भाषांत, उठून दिसणाऱ्या रंगात आणि किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत लावायचा. पिस्तुलाच्या चित्रावर लाल काट मारून भागत नाही. इंचभर अक्षरांत तो मजकूर लिहायचा म्हणजे दाराची अख्खी काच भरते. छोट्या दुकानदाराने काचेवर आपला माल दाखवायचा की कायद्याचे कलम? अनेकांनी पाटीचा नाद सोडला.

या यादीतली एक व्याख्या मला फार महत्त्वाची वाटते. मनोरंजन उद्यानात पिस्तुलाला बंदी, पण उद्यान म्हणजे काय? कायदा सांगतो : दहा लाखांहून अधिक वस्तीच्या परगण्यातले, किमान ७५ एकरांचे, कुंपणाचे, ठरावीक दारांतूनच प्रवेश असलेले, वर्षातून १२० हून अधिक दिवस चालणारे आणि सदैव सुरक्षारक्षक हजर असलेले. शेवटची अट पाहा. लोकांना पिस्तूल बाहेर ठेवायला लावायचे असेल, तर आत त्यांची राखण करणारा कुणी तरी पगारी माणूस उभा पाहिजे. किलीनच्या दुपारचा खरा धडा या एका ओळीत आहे आणि तो यादीतल्या बाकीच्या बहुतेक जागांना मात्र लावला गेला नाही.

शाळांभोवतीच्या बंदीचा प्रश्नही टेक्ससमधूनच वॉशिंग्टनला गेला. अमेरिकन संसदेने १९९० मध्ये शाळेपासून १,००० फुटांच्या आत बंदूक बाळगणे हा देशभर गुन्हा ठरवला होता. १९९२ मध्ये सॅन अँटोनियोच्या एका शाळेत बारावीतल्या मुलाकडे पिस्तूल सापडले. खटला चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि एप्रिल १९९५ मध्ये, बुश यांची सही होण्याच्या महिनाभर आधी, न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा रद्द केला. शाळेजवळची बंदूक हा आंतरराज्य व्यापाराचा विषय नाही, हे कारण. संसदेने १९९६ मध्ये शब्द बदलून तो पुन्हा आणला आणि राज्याचा परवाना असलेल्यांना त्यातली सूट कायम ठेवली. टेक्ससच्या स्वतःच्या कायद्याने शाळेच्या इमारतीत परवानाधारकालाही मज्जाव होता, म्हणून दार तेवढे बंद राहिले.

टॉवरच्या सावलीत

१ ऑगस्ट १९६६ रोजी एका माजी मरीन सैनिकाने ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठाच्या टॉवरवर चढून दीड तासाहून अधिक काळ खाली गोळ्या झाडल्या. त्या वेळी अनेक नागरिकांनी घरच्या शिकारी रायफली आणून खालून टॉवरवर उलट गोळीबार केला होता. त्यामुळे मारेकऱ्याला कठड्याआड दबून राहावे लागले, असे तेव्हाच्या पोलिसांनी सांगितले. एकाच घटनेतून दोन्ही बाजू आपापला पुरावा काढतात, ती ही घटना.

२००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. त्या विद्यापीठात शस्त्रबंदी होती. त्यानंतर महाविद्यालयांच्या आवारात पिस्तूल नेऊ द्या, ही मागणी देशभर जोरात आली आणि टेक्ससच्या विधिमंडळाने २०१५ मध्ये ती मान्य केली. टेक्सस विद्यापीठ समूहाचे तेव्हाचे कुलपती विल्यम मॅकरेव्हन हे निवृत्त अ‍ॅडमिरल. ओसामा बिन लादेनवरच्या कारवाईची सूत्रे त्यांच्या हाती होती. आयुष्यभर शस्त्रांत वावरलेल्या या माणसाने विधिमंडळाला कळवले, की पिस्तुलांमुळे आवार अधिक असुरक्षित होईल. त्यांचे ऐकले गेले नाही. वास्तुकला विभागाचे अधिष्ठाता फ्रेडरिक स्टायनर यांनी याच कारणाने ऑस्टिन सोडले. तीन प्राध्यापिका न्यायालयात गेल्या. कुणाकडे पिस्तूल असेल या भीतीने वर्गातली चर्चा आखडते, हे त्यांचे म्हणणे २०१८ मध्ये अपील न्यायालयात टिकले नाही. खासगी विद्यापीठांना बाहेर राहण्याची मुभा होती. राइस, बेलर, सदर्न मेथडिस्ट यांच्यासह बहुतेकांनी ती घेतली.

कायदा लागू झाला तो १ ऑगस्ट २०१६ रोजी, टॉवरच्या हत्याकांडाला बरोबर ५० वर्षे झाली त्या दिवशी. त्याच दिवशी आवारात मृतांच्या स्मारकाचे अनावरण झाले आणि टॉवरचे घड्याळ पहिल्या गोळीच्या वेळी, ११.४८ ला, चोवीस तास थांबवून ठेवले गेले. वर्गात पिस्तूल आले. मात्र नियमावलीत एक छोटी पळवाट राहिली : ज्या प्राध्यापकाची स्वतंत्र खोली आहे, त्याने येणाऱ्याला तोंडी सांगितले तर त्या खोलीपुरती बंदी. १८७० च्या विधिमंडळाने शिक्षण, साहित्य आणि शास्त्र यांच्या सगळ्या सभांना दिलेले संरक्षण एका टेबलापुरते उरले.

पाटी आणि पहारा

नोव्हेंबर २०१७ मध्ये सदरलंड स्प्रिंग्ज या खेड्यातल्या चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना २६ जीव गेले. २०१९ च्या कायद्याने चर्चचे नाव बंदीच्या यादीतून पूर्णपणे निघाले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला व्हाइट सेटलमेंटच्या चर्चमध्ये एकाने दोघांना ठार केले आणि चर्चच्या स्वयंसेवक सुरक्षा पथकातल्या एका प्रशिक्षित माणसाने त्याला सहा सेकंदांत टिपले. पिस्तुलाच्या समर्थकांचा हा सर्वांत भक्कम दाखला आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. पण तिथे काय होते तेही पाहा : नेमलेले पथक होते, सराव होता आणि संशयितावर आधीपासून नजर होती. जीव वाचले ते पहाऱ्यामुळे.

२०२१ मध्ये टेक्ससने पिस्तूल बाळगण्यासाठी परवान्याचीच अट काढून टाकली. जागांची यादी मात्र राहिली. पुढच्या वर्षी २४ मे रोजी युव्हाल्डीच्या रॉब प्राथमिक शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. शाळा यादीत अगदी वरच्या क्रमांकाची. हळूहळू तिथे वेगवेगळ्या दलांचे ३७६ सशस्त्र अधिकारी जमले आणि मारेकऱ्याला संपवायला ७७ मिनिटे लागली. दारात पालक आक्रोश करत होते आणि त्यांनाच अडवले जात होते. पाटीही होती, बंदुकाही होत्या. जबाबदारी घेणारा कुणी नव्हता.

त्यानंतर महिनाभरात, २३ जून २०२२ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्याचा निकाल दिला. घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा घटनात्मक हक्क ठरला. विधिमंडळे, मतदान केंद्रे, न्यायालये अशा संवेदनशील जागी बंदी घालता येईल, पण गर्दी आणि पोलीस आहेत एवढ्यावरून सगळे मॅनहॅटन बेट तशी जागा ठरवता येणार नाही, असे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी लिहिले. बंदी टिकवायची तर जुन्या इतिहासात तिचे उदाहरण दाखवा, ही कसोटी. १८७१ च्या टेक्ससच्या सरसकट बंदीला त्यांनी अपवाद म्हणून बाजूला सारले. मग न्यूयॉर्कने टाइम्स स्क्वेअर, भुयारी रेल्वे, उद्याने, नाट्यगृहे, बार अशी लांब यादी केली. ती न्यायालयात गेली, तेव्हा संघीय अपील न्यायालयाने तिचा बराच भाग राखला आणि त्यासाठी घेतलेल्या आधारांत टेक्ससची १८७० ची यादीही होती. डेव्हिस यांच्या विधिमंडळाने नाचघर आणि शाळा वाचवायला लिहिलेली ती ओळ दीडशे वर्षांनी न्यूयॉर्कच्या उपयोगी पडली.

या साऱ्या इतिहासातून मी एक निष्कर्ष काढतो आणि तो ठामपणे मांडतो. पिस्तूल कुठे नको हे ठरवण्याचा समाजाला पूर्ण अधिकार आहे. ज्या जागी माणसे शिकतात, मत देतात, न्याय मागतात, तिथे तो वापरलाच पाहिजे. पण नागरिकाला शस्त्र दाराबाहेर ठेवायला सांगणारे राज्य त्याच क्षणी त्याच्या जिवाचे जामीनदार होते. न्यायालयात आणि विमानतळावर हे राज्याने ओळखले आहे : तिथे तपासणी आहे, पहारेकरी आहे, म्हणून तिथली बंदी फारसे कुणाला जाचत नाही. शाळेच्या आणि कॅफेटेरियाच्या दारात हे ओळखले गेले नाही. सुझॅना ग्रॅशिया हप यांनी त्यावर बंदी उठवण्याचा उपाय सांगितला आणि टेक्ससने तो मानला. मला तो उपाय पटत नाही, पण त्यांचा प्रश्न खरा आहे आणि बंदीच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने त्याचे उत्तर दिले पाहिजे. यादीत जागेचे नाव लिहिताना तिचे रक्षण कोण करणार, हेही त्याच ओळीत लिहावे. ते लिहायची तयारी नसेल, तर ती पाटी लावण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही सरकारला नाही.